पाचव्या कोड्यावरची दुसरी सही

रविवार, ४ जानेवारी

सलिल येऊन गेला. आमच्या बुद्धिबळ मंडळाचा चिटणीस. वय अडतीस, आवाज मात्र सभापतीचा. पंधरा फेब्रुवारीला कोडी सोडवण्याची स्पर्धा आहे आणि यंदाही सहाही कोडी मीच करायची आहेत, हे सांगायला आला होता. हे फोनवर सांगता आलं असतं. खरं कारण चहा झाल्यावर निघालं.

"बाई, यंदा कोडी आधी कॉम्प्युटरवर तपासून घ्यायची का? म्हणजे, तुमच्यावर विश्वास आहेच."

विश्वास आहेच असं सांगणारा माणूस नेमका उलटं सांगायला आलेला असतो. मी विचारलं, "अकरा वर्षांत माझं एक तरी कोडं बाद झालंय?"

"नाही."

"मग अजून अर्धा कप घे आणि नीघ."

गेला. पण यंदा मामला साधा नाही, हे मलाही कळतं. जो पहिला येईल त्याला पंचविशीच्या आतल्यांच्या भारतीय संघात जागा मिळणार. जागा एकच. तीसेक मुलं येतील आणि सगळी चांगली खेळणारी. अशांना घाम फोडणारी सहा कोडी हवीत, आणि प्रत्येकाला उत्तर एकच हवं. दोन उत्तरं निघाली किंवा एकही निघालं नाही, तर कोडं बाद आणि करणारी तोंडघशी.

कारखान्यात तपासणीची नोंदवही ठेवायचे, तशी ही वही ठेवते आहे. स्पर्धा संपली की बंद.

गुरुवार, ८ जानेवारी

धायरीला पोपटरावांकडे. खडकीहून मेट्रोने स्वारगेट आणि तिथून बस. सिंहगड रोडवर बस चालते की उभी राहते हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पोपटराव गाडे आणि मी तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात एकाच तपासणी विभागात होतो. दारूगोळ्याचं काम. कुठलाही लॉट दोन सह्यांशिवाय बाहेर जायचा नाही. एकाने तपासायचं, मग दुसऱ्याने पहिल्याचं काही न ऐकता पुन्हा मुळापासून तपासायचं आणि मगच सही. स्वतः न तपासता सही करणाऱ्याचं पोपटराव पुन्हा तोंड बघायचे नाहीत. बुद्धिबळाचा नाद आम्हा दोघांना जेवणाच्या सुट्टीत लागला, आणि मी कोडी रचायला लागले तेव्हा हीच पद्धत तिकडे आली. पोस्टकार्डाएवढं कार्ड, एका बाजूला कोडं, मागच्या बाजूला दोन सह्या. माझी पहिली, त्यांची दुसरी. ते 'पास' लिहायचे, नाहीतर 'नापास' लिहून खाली लाल पेनाने कारण. एकेका कार्डाला आठवडा लावायचे. एक कोडं तर सात वेळा नापास केलं होतं. महिनाभर बोलले नव्हते मी त्यांच्याशी.

आज तीन कार्डं नेली होती. तिन्ही एका बैठकीत पास! लाल पेनाचं टोपणसुद्धा निघालं नाही. म्हणाले, "बाई, तुमचा हात आता लई बसलाय बगा. कुठं फटच घावंना."

त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं, तरी पाय दुखले नाहीत. निळी साडी नेसले होते. इस्त्रीची तेवढीच होती.

गुरुवार, २२ जानेवारी

चौथं आणि सहावं कोडं पास. तेही तासाभरात.

निघताना त्यांची सून चैताली फाटकापर्यंत आली. दिवाळीपासून काहीतरी सूचक बोलत असते, आज सरळच बोलली. म्हणाली, "मावशी, बाबांना एकदा डॉक्टरांकडे न्यायचंय. आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तुम्ही बरोबर आलात तर येतील."

"काय झालंय त्यांना? मला तर ठणठणीत दिसतात."

"तुम्ही आलात की असतात. बाकीचे दिवस..." असं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

बाकीच्या दिवसांचं मला कसं माहीत असणार? मला वाटतं, दर गुरुवारी ही बाई येऊन दोन तास ठाण मांडते, चहा-पोहे करावे लागतात, त्याचा हा सौम्य भाषेतला बंदोबस्त आहे. माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगावं. मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग बघू.

गुरुवार, २९ जानेवारी

पाचव्या कोड्याने पंधरा दिवस छळलं. पांढऱ्याने खेळून चार खेळ्यांत मात. पहिली खेळी इतकी साधी, इतकी गरीब की कुणाला संशय येऊ नये. पण एक फट होती. पांढरा घोडा डाव्या बाजूने घुसून दुसऱ्याच मार्गाने मात करत होता. त्याची वाट अडवायला डाव्या कडेला एक काळं प्यादं हवं होतं, आणि कडेला घरच शिल्लक नव्हतं. मंगळवारी मेथी निवडताना सुचलं. सगळीच्या सगळी मांडणी एक घर उजवीकडे सरकवायची! राजा, हत्ती, प्यादी, सगळे मोहरे एकेक घर उजवीकडे. डावीकडे एक पट्टी मोकळी झाली, तिथे प्यादं बसलं, घोडा अडला. मेथी तशीच राहिली.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कोडं आहे हे. फुशारकी म्हणून नाही, नोंद म्हणून लिहिते.

पोपटरावांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला आणि चहा संपायच्या आत 'पास' लिहून सही केली. मीच म्हटलं, "अहो, नीट बघा, मांडणी नवीन आहे." तर म्हणाले, "बगितली की. तुमी आज सेकंड शिफ्टला हाय का? मग निगा, गेट बंद हुईल." थट्टा करायची सवय काही जात नाही माणसाची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली मला.

चैताली ओट्याशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

शनिवार, ३१ जानेवारी

सहाही कार्डांच्या प्रती काढून पाकीट सीलबंद केलं. लाखेने. सलिल म्हणतो, लाख आता कुठे मिळते? मी म्हटलं, ज्याला हवी त्याला मिळते.

रविवार, ८ फेब्रुवारी

दुपारी पोपटरावांचा फोन. स्वतःहून फोन करण्यातला हा माणूस नाही. आवाज एकदम पूर्वीसारखा, तपासणी विभागातला.

"बाई, त्यो कोपऱ्यातला हत्ती. काळा. त्यो गप बसायचा न्हाई."

मी तिथेच थांबवलं. स्पर्धेआधी कोड्याबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. "पोपटराव, पाकीट बंद झालंय. जे काही असेल ते पंधरा तारखेनंतर." ते म्हणाले, "आवो पर त्यो..." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." मग "बरं, बरं," म्हणाले आणि फोन ठेवायला विसरले असावेत. कितीतरी वेळ मागचा टीव्ही ऐकू येत होता. शेवटी मीच ठेवला.

स्वतःच्याच नियमाचा असा विसर पडावा? वय होतंय दोघांचंही.

रविवार, १५ फेब्रुवारी

स्पर्धा झाली. थकले आहे, पण झोप येण्याआधी लिहून काढते.

शाळेचा हॉल, एकतीस मुलं, सहा कोडी, अडीच तास. प्रत्येक कोड्याला पाच गुण. पाचवं कोडं उघडल्यावर हॉलभर जी शांतता पसरली ती ऐकायला मी वर्षभर जगते असं म्हटलं तरी चालेल. चांगली चांगली मुलं डोकं धरून बसली. एक जण तर नखं खाऊन संपल्यावर पेन्सिल खायला लागला.

सौमित्रने सोडवलं. नऊ वर्षं माझ्याकडे शिकलेला मुलगा, खालचा ओठ चावत बसायची सवय अजून तशीच. बारा मिनिटांत! नंतर म्हणाला, "बाई, तुमचं कोडं म्हटल्यावर पहिली खेळी गरीब दिसणार हे माहीतच होतं." तो पहिला आला. तीसपैकी सव्वीस.

दुसरी श्रद्धा मेश्राम. तेवीस. मूळची चंद्रपूरची, हिंजवडीच्या कुठल्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी करते. रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचा पट्टा. मी मूळची भंडाऱ्याची, म्हणजे ती आमच्याच बाजूची पोर, म्हणून मी तिच्याकडे जरा जास्तच कडक नजरेने पाहिलं. पक्षपात व्हायला नको. बाकीच्या पाच कोड्यांत पंचवीसपैकी तेवीस, अशी उत्तरं कुणाचीच नाहीत. पण पाचव्यावर चाळीस मिनिटं बसून शेवटच्या क्षणी घाईघाईत एवढंच लिहिलं, 'चार खेळ्यांत मात होत नाही.' कारण काहीच नाही. मी शून्य दिलं. सुटलं नाही की कोड्यालाच दोष, ही नवीन पिढीची रीत झाली आहे.

सलिल म्हणत होता की पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. वाईट वाटलं. पण गुण काही वयाकडे बघून देत नाहीत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सकाळी सलिलचा फोन. श्रद्धाने हरकत घेतली आहे. पाचव्या कोड्यात पांढऱ्याच्या पहिल्या खेळीनंतर काळा किल्लेकोट करू शकतो आणि मग चार खेळ्यांत मात होत नाही, असं तिचं म्हणणं.

मी फोनवर हसले. सलिलही हसला. "मी कॉम्प्युटरवर टाकून बघितलं बाई, तो म्हणतो चार खेळ्यांत मात, एकच उत्तर. आणि कोड्यात कुठलं आलंय किल्लेकोट? ते खऱ्या डावात. हो ना?" मग म्हणाला, "कोड्यांचे नियम आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नाहीत. तुम्ही द्याल तो निर्णय. शनिवारी पाच वाजता समितीची बैठक आहे, तेव्हा लेखी द्या."

फोन ठेवला आणि पट मांडला. काळा राजा उचलून किल्लेकोट करून बघितला. झाला.

किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकदाही हललेले नसतील, तर एकाच खेळीत राजाला हत्तीकडे नेऊन आडोशाला बसवायची मुभा. आणि कोड्यांचा जुना संकेत असा की, राजा आणि हत्ती आपापल्या मूळ घरात दिसले तर ते हललेले नाहीत असंच धरायचं. मी सगळी मांडणी एक घर उजवीकडे सरकवली, तेव्हा काळा राजा नेमका त्याच्या मूळ घरात येऊन बसला. आणि हत्ती कोपऱ्यात, त्याच्या मूळ घरात. मधली दोन्ही घरं मोकळी. मी स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं आणि तीन आठवड्यांत मला ते दिसलं नाही!

हा संकेत मी पोरांना पहिल्या महिन्यात शिकवते.

बुधवार, संध्याकाळ

एक पळवाट आहे. राजा किंवा हत्ती आधी हललेलाच असणार, हे मांडणीवरून सिद्ध केलं तर किल्लेकोट रद्द आणि कोडं शाबूत.

आता पाळी पांढऱ्याची, म्हणजे शेवटची खेळी काळ्याने केलेली. कुठल्या मोहऱ्याने? काळ्याची बाकी प्यादी मूळ घरात आहेत, ती हललेलीच नाहीत. मग उरले राजा आणि हत्ती. दोघांपैकी कुणीही हललं असेल तरी किल्लेकोट गेला. झालं की सिद्ध!

नाही झालं. डाव्या कडेला ते एक प्यादं आहे. मूळ घरापासून एक घर पुढे. शेवटची खेळी त्याने केलेली असू शकते. घोड्याला अडवायला मीच बसवलेलं प्यादं. ते नसतं तर कोडं वाचलं असतं, आणि ते नसतं तर कोडंच नसतं.

ते प्यादं शेवटी हललेलं नाही, एवढंच सिद्ध करायचं आहे. चार तास झाले. जेवले नाही. उद्या पोपटरावांना विचारते. असल्या उलट्या विचारात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. शिवाय सही त्यांचीही आहे. दोन सह्या असलेलं कोडं असं सहजासहजी पडत नसतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीच्या मिरवणुकांनी स्वारगेटला बस तासभर हलली नाही. हे आधी लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

पोपटराव अंगणात खुर्चीवर बसले होते. स्वच्छ दाढी, पांढरा शर्ट. मी सगळं सांगितलं. राजा, हत्ती, प्यादं. ते माना डोलावत होते. मग मी पिशवीतून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं आणि पट मांडायला लागले. ते कार्डाकडे बघत राहिले. चांगली दोन-तीन मिनिटं. चष्मा वर, चष्मा खाली. ओठ हलत होते, पूर्वी खेळ्या मोजताना हलायचे तसे. मग खिशातून पेन काढलं.

"झकास हाय," म्हणाले. "कुठं बी फट न्हाई." आणि 'पास' लिहून सही केली.

मी कार्ड परत घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. घाईत पिशवीतल्या कोऱ्या कार्डांपैकी एक दिलं होतं मी. पुढची बाजू कोरी. ना पट, ना मोहरा, ना रेघ. मागच्या बाजूला पास, पो. गाडे, आणि तारीख १९८७ सालची.

मी वर पाहिलं तर ते माझ्याकडे बघून हसत होते. चेहऱ्यावर अशी अपेक्षा, की आता बाई खूश होणार. आणि मी म्हटलं, "आभारी आहे, पोपटराव."

आत गेले. चैताली पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभीच होती. "मावशी, मी तुम्हाला दिवाळीपासून सांगतेय," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग सह्या? इतकी कोडी पास केली ती?"

"बुधवारी रात्रीपासून विचारत असतात, उद्या बाई येणार का. कधी कधी त्यांना खरंच समजतं. मध्ये एका रविवारी एकदम भानावर होते, तुम्हाला फोनसुद्धा केला, दिवसभर काहीतरी हातवारे करत होते. पण बाकी वेळ... 'नापास' म्हटलं तर तुम्ही महिनाभर येत नाही, असं म्हणतात."

मी पाणी प्यायले आणि निघाले. बसायला जागा होती, पण स्वारगेटपर्यंत उभीच राहिले, बसायचं सुचलंच नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून लिहिते.

सकाळी समितीसाठीचा निर्णय लिहून काढला. 'कोड्यांच्या प्रचलित संकेतानुसार प्रस्तुत मांडणीत किल्लेकोट ग्राह्य धरता येत नाही. हरकत फेटाळण्यात यावी.' दोन वाक्यं. अक्षरही छान आलं. कॉम्प्युटर माझ्या बाजूने, समितीला संकेत माहीत नाही, सलिलला कटकट नको आहे. कुणालाही कळणार नाही. ती पोरगी ओरडेल थोडी आणि हिंजवडीच्या बसमध्ये बसून निघून जाईल.

आणि मी पोपटरावांसाठी करते आहे असंही म्हणता येईल. कोडं पडलं की पहिला प्रश्न येणार, तपासलं कुणी? तीस वर्षांत त्यांच्या सहीचा एक लॉट परत आला नाही. आता या वयात, या अवस्थेत, त्यांचं नाव चारचौघांत यावं? सौमित्रसाठीही म्हणता येईल. दुपारी त्याचा फोन आला, पासपोर्टचं काम झालं, आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. "बाई, हरकतीचं काही नाही ना?" मी म्हटलं, उद्या कळेल. नियमानुसार सदोष कोडं मोजणीतून काढून टाकतात. सौमित्र सव्वीसवरून एकवीस. ती तेवीसवर तशीच.

खरं काय ते मला माहीत आहे. मला माझी लाज वाचवायची आहे. सलिलसमोर बसून 'चुकलं' म्हणायची मला भीती वाटते. बाकी सगळी मलमपट्टी.

संध्याकाळी पुन्हा पट मांडला. प्यादं तिथेच होतं. ते कधी हललं, हे कुणीच सिद्ध करू शकणार नाही.

मग कालचं कार्ड आणि आजचा कागद शेजारी ठेवून बघत बसले. पोपटरावांना कार्ड कोरं आहे हे दिसत नव्हतं. मला सगळं दिसत होतं, आणि तरी सही मी करून ठेवली होती. कागद फाडला. दुसरा लिहिला. त्याचं अक्षर काही चांगलं आलं नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

स्पर्धा झाली त्याच शाळेत, वरच्या मजल्यावर बैठक. समितीचे पाच जण, सौमित्र, श्रद्धा आणि मी. श्रद्धा कंपनीतून थेट आली होती, केस विस्कटलेले. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि हात हलू नयेत म्हणून एकमेकांत घट्ट अडकवले होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या मुलीला ती जागा किती हवी आहे.

सलिल म्हणाला, "बाई, तुम्ही वाचता का?"

कागद काढला, पण वाचता येईना, अक्षरं नाचत होती. तसंच बोलले. "पाचवं कोडं बाद आहे. किल्लेकोट होतो. हरकत बरोबर आहे आणि चूक माझी आहे."

मग सलिल, "पण बाई, कॉम्प्युटर तर म्हणतो..."

"राजा आधी हलला होता की नाही, हे तू त्याला सांगितलंस का?"

"ते सांगायला लागतं?"

श्रद्धा हळूच म्हणाली, "एक बॉक्स टिक करावा लागतो, सर. डिफॉल्ट ऑफ असतो."

समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ कार्डाची प्रत उलटीसुलटी करत म्हणाले, "पण यावर गाडेसाहेबांची सही आहे. ते तर असं सोडणारे नव्हेत."

हाच प्रश्न. दोन दिवस याचीच तालीम केली होती. "ती सही धरू नका," मी म्हटलं. "मांडणी मी सरकवली, बघायचं काम माझं होतं, आणि घाई मी केली. सहीचा दोष नाही. सही मागणारीचा आहे." ते आणखी काही विचारणार होते, पण माझ्याकडे बघून थांबले.

निकाल बदलला. श्रद्धा तेवीस, सौमित्र एकवीस. सौमित्रने बॅग उचलली. नऊ वर्षांत तो कधी 'येतो बाई' म्हटल्याशिवाय गेला नव्हता. आज गेला. त्याच्या आईला मी काय सांगणार आहे, मला माहीत नाही. त्या मुलाने काहीही चूक केली नव्हती. माझ्या सवयी ओळखल्या, एवढाच काय तो गुन्हा.

जिन्यात श्रद्धाने गाठलं. "मॅम, थँक यू. पण एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मला किल्लेकोट पहिल्या पाच मिनिटांतच दिसला होता."

मी थांबले. "मग लिहिलं का नाहीस? एक शब्द पुरला असता. मी तुला शून्य दिलं गं!"

"अहो, तुमचं कोडं होतं ना," ती म्हणाली. "मी कॉलेजपासून तुमची कोडी सोडवतेय. म्हटलं गजभियेबाईंच्या कोड्यात इतकी बेसिक मिस्टेक कशी असेल? माझंच काहीतरी चुकतंय. राजा आधी हलला असणार, हे प्रूव्ह करत बसले. चाळीस मिनिटं गेली त्यात. कोडं वाचेल असं शेवटपर्यंत वाटत होतं."

"वाचत नाही. मी पण बसले होते."

"ते डावीकडचं प्यादं ना?"

"तेच."

आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून हसलो. मला हसू कसं आलं, देव जाणे. मग तिने सहज विचारलं, त्यात काही खोच नव्हती. "मॅम, तुमची कोडी टेस्ट कोण करतं? आमच्याकडे जो लिहितो त्याला स्वतःचं टेस्ट करू देत नाहीत."

"आमच्याकडेही देत नसत."

"मग कोण करतं?"

"आता कोणी नाही," मी म्हणाले.

आणि ते मोठ्याने बोलल्यावरच मला खरं वाटलं. तीस वर्षं माझ्या प्रत्येक चुकीवर लाल रेघ ओढणारा माणूस आता नाही. धायरीत अंगणात खुर्चीवर बसलेला आहे, स्वच्छ दाढी करून, आणि तो नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. त्रेसष्ट वर्षांची बाई, शाळेच्या जिन्यात, एका परक्या पोरीसमोर, पदर तोंडाला लावून.

ती घाबरून शेजारी बसली. तिला वाटलं, कोडं बाद झालं म्हणून. "मॅम, प्लीज असं नका करू," ती पाठीवर हात फिरवत म्हणत राहिली. "एकच तर कोडं आहे. तुम्ही दुसरं कराल की." मी तिला काही सांगितलं नाही. तिला समजूत घालू दिली.